कुंपणाबाहेरची जागा

एल्स्बरी, जॉर्जिया
११ फेब्रुवारी

प्रिय इशाय,

बघ, न अडखळता लिहिलं. शाळेच्या दाखल्यावर यश, आणि अटलांटाला गुपचूप नेऊन सुंता केली तेव्हा रब्बींनी घेतलेलं नाव इशाय. मोठेपणी तू दुसरं उचललंस, तर मी तरी पहिल्याला किती दिवस धरून बसणार?

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, त्याच्या निळ्या खुणा मला दिसतात, आणि पुढे काही नाही. म्हणून कागद. दर रविवारी तुझ्याशी डोकं फोडून जी अक्षरं शिकवली ती आता कामाला येऊ देत.

बाबांना बरं नाही. स्वादुपिंडात गाठ आहे. डॉक्टर फार गोड बोलले, आणि एवढे गोड बोलले म्हणूनच मला काय ते समजलं. बाबा म्हणाले, "कुणाला कळवू नकोस." कुणाला म्हणजे तुला. तेव्हा हे पत्र मी लिहिलेलंच नाही असं समज.

तू ये असं मी म्हणत नाही. चार वर्षांपूर्वी तू तो लेख लिहिलास. आडलरला निर्दोष जाहीर करा म्हणालास, ते बरोबरच होतं. १९१६ साली या गावाने सायमन आडलर नावाच्या कापडदुकानदाराला फाशी दिली ती तो ज्यू होता म्हणून, आणि त्याच्या दुकानात कामाला असलेल्या रूबी हॅस्टनला मारलं होतं तिच्या सावत्र बापाने, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माहीत सगळ्यांना, बोलत कुणी नाही. पण तुला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. शेवटच्या परिच्छेदात तू लिहिलंस की या गावात अजून एक ज्यू आहे, गालिच्यांच्या मिलमधला भारतीय इंजिनिअर, इतकी वर्षं तो हिंदू म्हणून राहतोय, आणि तो माझा बाप आहे. नाव घातलं नाहीस, हे तुझे उपकार. एल्स्बरीच्या मिलमध्ये भारतीय इंजिनिअर किती आहेत रे?

त्या दिवसापासून त्यांनी तुझं नाव घेणं सोडलं आणि तू आमचं. मी मधे लटकलेली आहे ती आहेच.

आई


९ मार्च

प्रिय इशाय,

तुझा मेसेज मिळाला. "बाबांना मी तिथे हवा आहे का?" एवढंच, इंग्रजीत. मी इतकं लिहिलं आणि तू एक ओळ. असो, ओळ तर आली.

बाबांना काय हवंय ते मला विचारू नकोस, कारण ते काही बोलत नाहीत. परवा माणूस बोलावून तुझ्या खोलीतला हीटर दुरुस्त करून घेतला. मी म्हटलं, आता थंडी संपत आली, कशाला? म्हणाले, "पाइप फुटला तर?" याचा अर्थ तुझा तू लाव.

तुझ्या लेखात 'भित्रा' हा शब्द नव्हता. पण वाचणाऱ्याने तोच वाचावा असं तू लिहिलं होतंस, तुला लिहिता छान येतं. म्हणून एक सांगते, जे तू जन्मायच्या आधीचं आहे.

आम्ही इथे आलो तो पहिलाच रविवार. मिस लोरेन तेव्हा आमची घरमालकीण, आता शेजारीण. नव्या माणसाला गाव दाखवावं म्हणून ती आम्हाला कबरस्तानात घेऊन गेली. रूबी हॅस्टन म्हणजे तिच्या आजीची धाकटी बहीण. तिच्या दगडावर लिहिलेलं बाबांनी मोठ्याने वाचलं, कारण त्यांना वाटलं शोभेची काही कविता असेल. 'एका ज्यूच्या हातून मारली गेली.' मग लोरेनने कुंपणाबाहेरचा आडलरचा दगड दाखवला. म्हणाली, "कुंपण आधी पलीकडे होतं. माझ्या आजोबांनी आणि बाकीच्यांनी ते अलीकडे घेतलं, म्हणजे तो बाहेर जाईल." अंगणात नळ घेतल्याचं सांगावं तसं सांगितलं. बाई वाईट नाही, हे तुलाही माहीत आहे. तिने तुला सायकल शिकवली. आणि मग तिने विचारलं, "तुम्ही मंडळी हिंदू ना?"

बाबा म्हणाले, "हो."

घरी येऊन त्यांनी दाराच्या चौकटीवरची मेझुझा, प्रार्थनेचा कागद असलेली ती छोटी डबी, काढली आणि आतल्या कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने लावली. तू ती लहानपणी तिथेच पाहिलीस आणि तुला वाटायचं, मेझुझा कपाटालाच लावतात.

कोकणात वाक्रूळला तुझ्या पणजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. त्या नावाने हाक मारली, सणाला ताटं पाठवली, भांडले सुद्धा, पण ज्यू म्हणून अंगाला हात कुणी लावला नाही. भिणं बाबा इथे येऊन शिकले. इंजिनिअर माणूस, शिकले ते पक्कं शिकले.

हसू येईल असंही एक लिहिते. तू झालास तेव्हा मी मलिदा केला होता. पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं, सगळं रीतसर, आपल्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन. तेवढ्यात मराठी मंडळातली कांचन बाळ बघायला आली. विचारते, "सत्यनारायण का गं?" बाबा म्हणाले, "तसंच काहीसं." तेव्हापासून मराठी मंडळाच्या गणपतीला प्रत्येकजण काहीतरी करून आणतो आणि माझ्याकडे 'मोनाचे गोड पोहे' असतात. एलियाहू हन्नाबी बघत असेल तर त्यालाही गंमत वाटत असेल.

आई


२४ एप्रिल

प्रिय इशाय,

काल गावाच्या कौन्सिलपुढे आडलरचा ठराव आला. अटलांटाहून जी मंडळी राज्याकडे माफीचा अर्ज घेऊन जाणार आहेत, त्यांना गावाचा पाठिंबा हवा होता. गाव म्हणालं असतं की होय, आमच्या हातून चुकलं, तर अर्जाला वजन आलं असतं. बाबा म्हणाले, मला जायचंय. उभं राहवत नाही, पाठीला उशी लागते, पण जायचंय. आम्ही मागच्या रांगेत बसलो.

लोरेन बोलायला उठली. चांगली साडेपाच फूट बाई, काल एवढीशी दिसत होती. म्हणाली, "आमच्या घरातली पोर मेली. तिची आई आयुष्यभर रडली. आता कोण दोषी आणि कोण नाही, हे उकरून तुम्हाला काय मिळणार आहे?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठराव पडला. घरी जाताना लोरेनने बाबांच्या हातावर हात ठेवून विचारलं, "सुमंत, तू नीट जेवतोस ना?" आज सकाळी चिकनचं कॅसरोल आणून दिलं, वर लोणी आणि क्रीम. आपल्यात मांस आणि दूध एकत्र चालत नाही; मी जन्मात कोंबडीत दूध घातलं नाही, नारळाचं सोडून. बाबांनी तिच्यासमोर दोन घास खाल्ले. कायम खातात.

सकाळी डॉक्टरकडे जाताना कबरस्तानावरून गेलो. रात्रीत कुणीतरी आडलरचा दगड पाडला होता आणि त्यावर रंगाने काहीतरी काढलं होतं. काय ते लिहीत नाही. बाबा म्हणाले, "थांबव." मी गाडी बाजूला घेतली. खूप वेळ काच खाली करून बघत बसले. म्हणाले, "शंभर वर्षं झाली, मोना. अजून त्याला स्वस्थ पडू देत नाहीत आणि उभंही राहू देत नाहीत."

संध्याकाळी त्यांनी मंडळाच्या त्र्यंबकदादांना बोलावून घेतलं आणि दार लावून बोलत बसले. काय बोलले मला माहीत नाही.

आई


१० मे

प्रिय इशाय,

मला माहीत नाही असं मी मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. दार लावलं होतं तरी आपल्या घराच्या भिंती किती पातळ आहेत तुला ठाऊक आहे. दोन आठवडे मी हे लिहायचं टाळलं. आता टाळून चालणार नाही.

बाबांना पुरायचं नाही. जाळायचं, असं त्यांनी त्र्यंबकदादांना सांगितलंय.

मी भांडले. अहो, आपल्यात हे नाही, तुमच्या वडिलांना काय वाटेल, म्हटलं. शांतपणे म्हणाले, "दगड आला की नाव आलं. नाव आलं की पत्ता आला. राख कोण पाडणार?" मी म्हटलं, दुसऱ्या गावी नेते. म्हणाले, "दुसऱ्या गावात रंगाचे डबे मिळत नाहीत?"

आणि सगळ्यात वाईट काय सांगू? कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. वाटणार तरी कसं? वाक्रूळकर, कोकणातले, गणपतीला गोड पोहे आणणारे. मंडळात तुझा तो इंग्रजी लेख कुणी वाचलाच नव्हता, आणि गावात ज्यांनी वाचला त्यांनी तोंड उघडलं नाही. त्र्यंबकदादा डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, काही काळजी करू नका. आपल्या लोकांच्या माहितीचं क्रिमेटोरियम आहे. गुरुजींशी मी बोलून ठेवतो. व्हिडिओ कॉलवर भारतातल्या लोकांनाही बघता येतं." कांचनने विचारलं, "घरात गंगाजल आहे ना?" मी नाही म्हटलं. तिने आणून ठेवलंय. फ्रिजवर आहे, मी पाणी प्यायला गेले की दिसतं.

इतकं मायेने करताहेत की त्यांच्यावर चिडताही येत नाही. मी एक वाक्य बोलले तर सगळं थांबेल. ते वाक्य मी इतकी वर्षं बोललेली नाही, आणि ज्याच्यासाठी बोलले नाही तोच आता जायला निघालाय.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. तरी सांग.

आई


२६ मे

इशाय,

सांगितलंस. "जाळणार असाल तर मी येणार नाही. आई, आमच्या लोकांना जाळलं गेलंय. मी तिथे उभा राहू शकत नाही."

आमचे लोक! तुझ्या त्या आमच्या लोकांत मी आहे का? बाबा आहेत का? मला तुझा इतका राग आला की पत्र फाडायला घेतलं तर ते फोनवर होतं. एकाला दगड नको आणि एकाला राख नको, आणि दोघांची तत्त्वं सांभाळायला मी. खरं बोलायला न्यू जर्सीतलं तुझं वेस्ट विंडसर बरं पडतं, राजा. तिथे तुझ्या गल्लीत चार सिनेगॉगं आहेत आणि तुझा शेजारी पुण्याचा आहे. इथे खरं बोललं की दुसऱ्या दिवशी दुकानात त्याच माणसांकडून दूध घ्यावं लागतं.

राग झाला. आता जे झालं ते सांगते.

काल दुपारी त्यांना पेज भरवत होते. मी म्हटलं, "इशाय येणार नाही म्हणतो."

"कोण इशाय?"

"तुमचा मुलगा."

पुढचा घास घेतला नाही.  मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "का?"

मी कारण सांगितलं. जसंच्या तसं, तुझ्या शब्दांत.

"पुरलं तर येईल?"

"येईल म्हणतो."

"माझ्यामागे कद्दिशची प्रार्थना म्हणेल?"

"त्यासाठीच येईल."

 वाडग्यातली पेज गार झाली. मग म्हणाले, "त्र्यंबकला सांग, नको म्हणून. पुरा. पण दगड नको."

मी म्हटलं, अटलांटाला ज्यूंचं मोठं कबरस्तान आहे, इशाय व्यवस्था करेल. तर मान हलवली. "तू हायवेवर गाडी घालत नाहीस. मला भेटायला येणार कशी?"

म्हणजे इथेच. आणि इथे आपल्यासाठी जागा एकच आहे, कुंपणाबाहेर, आडलरशेजारी. ती पट्टी अटलांटाच्या सिनेगॉगने त्याच वेळी विकत घेऊन ठेवली होती, तूच लेखात लिहिलं होतंस. परवानगी तू काढ. तेवढं तरी तिकडून कर.

आणि मी कांचनला फोन केला. जे वाक्य बोलायचं ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढंच होतं? अगं मग सांगायचं की!" आणि रडायला लागली. मग मीही. तिला काय सांगणार, की एवढंच नव्हतं म्हणून?

आई


५ जून, बुधवार

इशाय,

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही, म्हणून फोटो काढून पाठवते आहे.

आज सकाळी बाबांनी विचारलं, "इशायचं विमान कधीचं आहे?" तू तिकीट काढलंस की नाही मला ठाऊक नाही. मी सांगितलं, शुक्रवारचं. त्यांनी मान हलवली आणि दाढी करून मागितली.

आता मला खोटं पाडू नकोस.

आई


पुढच्या वर्षीचा ६ एप्रिल

प्रिय इशाय,

तुझं पत्र आलं. कागदावरचं, मराठीत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजल्या नाहीत. दोन गोष्टी विचारल्यास: वर्ष होत आलं, दगड कधी बसवायचा, आणि मी वेस्ट विंडसरला कायमची कधी येणार.

उत्तर द्यायच्या आधी जे दहा महिने आपण फोनवर टाळतोय ते एकदा लिहिते. शुक्रवारचं विमान सूर्य मावळल्यावर उतरणार होतं म्हणून तू घेतलं नाहीस. शब्बाथ लागला की, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, तू प्रवास करत नाहीस. रविवारी आलास. आणि बाबा शनिवारी सकाळी गेले. दाढी केलेली होती, शर्ट घातलेला होता. शुक्रवारी दिवसभर ते दाराकडे बघत होते आणि मी ट्रॅफिकला शिव्या देत होते. मला तुझा राग आहे. तो जाईल असं वाटलं होतं, गेला नाही. पण त्या मातीपाशी तू कद्दिश म्हणालास आणि मधेच तुझा आवाज गेला, तेव्हा त्र्यंबकदादांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला, तेही मी बघितलंय. तुला ज्याची शिक्षा व्हायची ती झालेली आहे, मी आणखी काय करू?

आता लोरेनचं. तू परत गेल्यावर ती आली होती, हातात कॅसरोल घेऊन. बाबांना कुठे ठेवलं विचारलं. मी सांगितलं. ती उभीच राहिली. म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं, हनी." हे प्रेमाने म्हणाली की कशाने, मी अजून ठरवू शकलेले नाही. भांडं ठेवून गेली ती परत आली नाही. मी ते धुऊन तिच्या पायरीवर ठेवलं. बागेत असली की आम्ही एकमेकींना हात करतो. आमच्यातलं तेवढंच उरलंय.

राज्याने आडलरचा अर्ज फेटाळला. कारण दिलंय की इतक्या वर्षांनी नक्की सांगता येत नाही. फाशी देताना नक्की सांगता आलं होतं. त्याचा दगड अटलांटाच्या लोकांनी उभा केला, नाताळच्या सुमाराला कुणीतरी तो पुन्हा पाडला, त्यांनी पुन्हा उभा केला.

आता तुझ्या प्रश्नाचं. बाबा म्हणाले होते दगड नको. तू म्हणतोस हवा, त्यावर सहा कोनांचा तारा हवा, त्यांचं सिनेगॉगमधलं नाव हवं. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी माझं सांगते. दगड लावायचा. सुमंत हस्केल वाक्रूळकर, मराठीत. शेमुएल, हिब्रूत. आणि इंग्रजीत दोन्ही, गावाला वाचता यावं म्हणून. ते आयुष्यभर घाबरले त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्या पडलेल्या दगडाकडे बघून तू तरी तसं म्हणू शकणार नाहीस. पण नुसत्या मातीचा उंचवटा बघून मला रोज वाटतं की अजूनही ते लपूनच आहेत. मेल्यावर तरी पुरे.

मी त्यांचा शब्द मोडतेय. म्हणूनच वेस्ट विंडसरला येणार नाही. नाव लिहिलं की ते पाडायला कुणीतरी येणार, हे धरून चालायचं. मग ते उभं करायला गावात कुणीतरी हवं, ज्याच्याकडे सगळे दुधाच्या दुकानात बघतील आणि ज्याला त्यांच्याकडे बघता येईल. ते काम तुला न्यू जर्सीतून जमायचं नाही, आणि अटलांटाच्या लोकांनाही दर वेळी दोन तास गाडी मारून यावं लागतं. माझं घर तिथून चालत जाण्यासारखं आहे. गुडघे कुरकुरतात, पण अजून चालतात.

दगड जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तयार होईल. रविवारी सकाळी बसवतील. कांचन आणि त्र्यंबकदादा येणार आहेत. लोरेनलाही मी सांगणार आहे, ती येईल न येईल.

तू ये. शुक्रवारचं नको, गुरुवारचं तिकीट काढ.

आई